शरीराची राखण कशाने होते?

(रविवारच्या शाळेचे शिक्षक, महिला मंडळे व घरगुती अभ्यास ह्यांसाठी)

बेळगावच्या टिळकवाडीत झाडांनी भरलेले एक प्रशस्त आवार आहे. त्याला सारे व्हॅक्सिन डेपो म्हणतात. सकाळी फिरावयास जाणारे तेथे पुष्कळ, मुलांचे खेळ तेथे, सभा-मेळावेही तेथेच. परंतु हे नाव कशावरून पडले असे वर्गातील मुलांस विचारले तर बहुधा उत्तर येत नाही, आणि शिक्षकांपैकीही थोड्यांनाच ते येते. ह्या ठिकाणी एके काळी देवीची लस तयार होत असे. त्या काळी ही लस वासरांच्या कातडीवर वाढवीत व तेथून ती गावोगावच्या टोचणाऱ्यांकडे जाई. आपल्या मंडळीत ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांच्या दंडावर अजून त्या टोचणीची वाटोळी खूण दिसेल. मुलांना ती अवश्य दाखवावी. इंग्लंडात जेन्नरने हा प्रयोग १७९६ साली केला; १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली टोचणी झाली; १९७५ साली भारतातील देवीचा शेवटचा स्थानिक रोगी सापडला आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. चेहऱ्यावर व्रण आणि डोळ्यांत अंधार ठेवून जाणारा हा रोग आज पाठ्यपुस्तकापुरता उरला आहे.

ह्या अंकातील अभ्यासाचा विषय रोगप्रतिकारशक्ती हा आहे, आणि त्याची सुरुवात व्हॅक्सिन डेपोपासून आम्ही मुद्दाम केली. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हापासून हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. काढ्याच्या पुड्या, गुळवेलीच्या गोळ्या, चूर्णे, सरबते ह्या सर्वांवर 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' असा शिक्का बसला. त्यातील काही गोष्टी आपल्या आजीच्या हातच्या आहेत आणि चांगल्या आहेत. काही निरुपद्रवी आहेत. काहींनी माणसांस इस्पितळात नेले आहे. ह्या तीन प्रकारांतील फरक शिक्षकाला सांगता आला पाहिजे, कारण मंडळीतील बाया प्रार्थनेनंतर पायरीवर बसून एकमेकींना जे सांगतात त्यावर कित्येक घरांतील औषधपाणी ठरते.

राखणदार कोण कोण आहेत

मुलांना समजावून देताना गावाच्या राखणीचे उदाहरण पुरते. पहिली राखण म्हणजे कुंपण: आपली कातडी, नाकातला व घशातला ओलसर अस्तर, खोकला, जठरातील आंबट रस. दुसरी राखण म्हणजे जे कोणी परके दिसेल त्यावर धावून जाणारे पहारेकरी. रक्तातील काही पांढऱ्या पेशी हे काम करतात, आणि ताप येतो, सूज येते, ती पुष्कळदा ह्यांच्या झटापटीची खूण असते. तिसरे राखणदार सर्वांत हुशार. ते एकदा पाहिलेला शत्रू विसरत नाहीत. लस हेच करते: चोर येण्यापूर्वी चोराचे चित्र राखणदाराच्या हाती देते. हे काम कोणत्याही काढ्याला, फळाला किंवा व्यायामाला करता येत नाही. गोवराची ओळख शरीराला गोवराच्या लसीने होते, नाहीतर गोवर झाल्याने होते. तुळशीच्या पानांनी होत नाही.

गोवराचे नाव घेतलेच आहे तर आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गोवर आली की ती यायचीच, येऊन गेली की बरे, असे म्हणण्याची रीत आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की गोवर झालेल्या मुलांच्या रक्तातील इतर रोगांविरुद्ध जमलेली प्रतिद्रव्ये ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर येते ती राखणदाराची जुनी वहीच फाडून जाते, आणि पुढे कित्येक महिने त्या लेकराला न्यूमोनिया, हगवण सहज गाठतात. लशीचे दोन डोस, पहिला नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. 'नैसर्गिक' उपायांच्या पाठात आम्ही लशीला पहिले स्थान दिले म्हणून कोणी नवल करू नये. शरीराची स्वतःची शक्ती जागी करणारा ह्याहून नैसर्गिक उपाय आम्हांला माहीत नाही.

एक खुलासा येथेच केलेला बरा. ही शक्ती विहिरीच्या पाण्यासारखी नाही, की जितकी वाढेल तितकी चांगली. राखणदार फार चेकाळले तर ते घरच्याच माणसांवर काठी उगारतात. सांध्यांचा आमवात, दम्याचे काही प्रकार, अंगावर उठणारी पित्ताची गांधी हे अशाच चेकाळलेल्या राखणीचे परिणाम होत. तेव्हा 'वाढवणे' हा शब्दच सोडून द्यावा आणि 'राखणे', 'पोसणे' हे शब्द वापरावेत असे आमचे मत आहे.

निपाणीच्या वखारी आणि मिरजेचे आरोग्यधाम

आपल्या सीमाभागात प्रतिकारशक्तीची खरी परीक्षा पाहावयाची असेल तर सर्दी-पडशाकडे पाहू नये, क्षयाकडे पाहावे. निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तेथे महामार्ग अडवला, गोळीबार झाला, शेतकरी मृत्युमुखी पडले. हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. पिकाच्या भावाची आठवण राहिली. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या-पाखडणाऱ्या बायांच्या छातीची आठवण तितकी राहिली नाही, जरी अनिल अवचटांसारख्या लेखकाने त्यांची दशा मराठी वाचकांपुढे मांडली होती. नाकातोंडात जाणारी भुकटी, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून विड्या वळणे, त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत लेकरांची झोप. क्षयाच्या जंतूला ह्याहून सोयीची जागा कोणती?

परंतु येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. क्षयाचा जंतू श्वासावाटे पुष्कळांच्या शरीरात शिरतो. ज्यांच्या शरीरात तो शिरला त्यांपैकी साधारण शंभरांत पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांचे राखणदार त्याला कोंडून ठेवतात. मग प्रश्न हा की कोंडलेला चोर कोणाच्या घरात सुटतो? उपाशी माणसाच्या, विडी ओढणाऱ्याच्या, मधुमेह झालेल्याच्या, दारूने पोखरलेल्याच्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. आणि भारतात ह्या सर्व कारणांत मोठे कारण कोणते म्हणाल तर पोटाला पुरेसे न मिळणे.

आपल्या मंडळ्यांना मिरज हे नाव परके नाही. डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांनी तेथे १८९४ साली वैद्यकीय सेवा सुरू केली, आणि मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम उभे राहिले त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. क्षयावर गोळ्या नव्हत्या त्या काळी साऱ्या जगात आरोग्यधामाचा उपचार एकच असे: मोकळी हवा, ऊन, विश्रांती, दूध-अंडी आणि धीर. काही रोगी त्यावर बरे होत. पुष्कळ होत नसत.

मग १९४० नंतरच्या दहा-बारा वर्षांत क्षयावरची औषधे आली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. आरोग्यधामाची हवा आणि अन्न आता हवेच का? १९५६ साली मद्रासेस ह्याची रीतसर परीक्षा सुरू झाली. काही रोग्यांस आरोग्यधामात ठेवले, काहींस झोपडपट्टीतील त्यांच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. घरच्यांचे अन्न निकृष्ट, जागा कोंदट, कामही चालूच. १९५९ साली निकाल आला तो वैद्यांना चकित करणारा होता. घरी राहिलेले रोगीही आरोग्यधामातल्यांइतकेच बरे झाले. म्हणजे रोग जडल्यावर तो बरा करण्याचे काम औषधाचे, हे सिद्ध झाले. क्षय झालेल्या माणसाची औषधे बंद करून त्याला दूध-तूप, काढा आणि च्यवनप्राश ह्यांवर ठेवणारी घरे आजही आहेत. अशा घरात हा निकाल जाऊन सांगावा.

पण मग अन्न व्यर्थ का? मुळीच नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आणखी साठ वर्षे लागली, आणि ते देणारे डॉक्टर आपल्याच राज्यातले, मंगळूरचे. डॉक्टर अनुराग भार्गव व डॉक्टर माधवी भार्गव ह्यांनी झारखंडाच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ ह्या काळात २,८०० क्षयरोग्यांची घरे घेतली. रोग्यांना सर्वच घरांत औषध मिळाले आणि अन्नही मिळाले. फरक केला तो घरातील इतर माणसांत, जी १०,३४५ होती. निम्म्या भागात घरातील दर प्रौढ माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या भागात घरचे नेहमीचे जेवण चालू राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरांत शिधा गेला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. तसेच ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले.

पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ! कोणत्याही बाटलीवर, डब्यावर किंवा पुडीवर 'प्रतिकारशक्ती' असे छापलेले असो, माणसांच्या दोन मोठ्या गटांची अशी तुलना करून इतका फरक दाखवणारे आमच्या पाहण्यात दुसरे काही नाही. रविवारच्या शाळेत दानिएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय शिकवताना शिक्षकांना ही गोष्ट उपयोगी पडेल. तेथेही दहा दिवस एका गटास एक अन्न व दुसऱ्यास दुसरे, आणि शेवटी दोघांची तोंडे शेजारी ठेवून पाहणे, अशीच परीक्षा आहे. 'मला गुण आला' ह्या एका माणसाच्या साक्षीत आणि अशा तुलनेत काय अंतर आहे ते मोठ्या मुलांना येथे चांगले दाखवता येते.

आपल्या चुलीपाशी

मग ह्या भागात काय खावे? बाहेरून काही आणावयास नको. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, पालेभाजी, ताक आणि आमटीची वाटी, हे आपले जुने जेवण चांगले आहे. त्यातील आमटी पातळ झाली आणि भाकरीच्या जागी चहा-खारी आली हीच खरी तक्रार. राखणदार पेशी व प्रतिद्रव्ये प्रथिनांची बनतात, आणि प्रथिने डाळ, हुलगा, मटकी, चवळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी ह्यांतून येतात. थंडीत हुलग्याचे माडगे करण्याची आपली चाल आहे, ती नव्या सुनांनी मोडू नये. भाकरीबरोबर घट्ट डाळ किंवा उसळ दिवसातून दोनदा ताटात पडली पाहिजे, आणि अंडे परवडत असेल तर आठवड्यातून काही दिवस तेही. आपण ख्रिस्ती लोक नाताळात व लग्नकार्यात मांसाहाराचा थाट करतो आणि पुढे महिनाभर भात व पाण्यासारखे कालवण ह्यांवर दिवस काढतो. एका दिवसाच्या मेजवानीने शरीर पोसले जात नाही.

शेवगा परसात असावाच. शेंगांपेक्षा पाला अधिक मोलाचा, पण आपण शेंगा खातो व पाला शेळीला घालतो. कानडी शेजारी त्याला नुग्गे म्हणतात आणि त्याच्या पाल्याची भाजी आवडीने करतात, ती त्यांच्याकडून शिकावी. आवळा म्हणजे त्यांची नेल्लीकायी, आणि पेरू, ह्या दोन्हींत क जीवनसत्त्व भरपूर. महाग संत्री किंवा फसफसणाऱ्या गोळ्या घेण्याचे कारण नाही. क जीवनसत्त्वाने सर्दी टळते असा मोठा गवगवा आहे. सामान्य माणसांवर केलेल्या परीक्षांत ती टळत नाही असे दिसले. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर ओसरते, एवढेच. आवळा खावा तो अन्न म्हणून.

ह्या साऱ्यापेक्षा एक गोष्ट आम्हांला मोठी वाटते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई काय जेवते? वखारीत किंवा शेतात तीच दिवसभर राबते, विड्या तीच वळते, आजाऱ्याचे तीच करते, आणि तिच्या वाट्याला उरलेली भाकरी व भांड्याच्या तळाची आमटी येते. घरात क्षयरोगी असेल तर त्याच्या उशाशी तीच बसते. झारखंडातला तो शिधा कोणासाठी होता हे ध्यानात घेतले म्हणजे पुरुषांनी घरी काय बदलावयाचे ते वेगळे सांगावे लागणार नाही. सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची रीत ज्या घरांत आहे तेथे हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो.

गुळवेल व तिच्या बहिणी

आता वनस्पतींकडे. खानापूर, जांबोटी, चंदगड ह्या बाजूचे रान औषधी झाडांचे भांडार आहे, आणि बेळगावात शहापूरला आयुर्वेद महाविद्यालय आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही ह्याच शहरात आहे. म्हणजे ह्या विषयाला आपल्या गावी मान आहे आणि तो असावा. आडुळशातील एका द्रव्यावरून पुढे खोकल्याचे आधुनिक औषध बनले हे ज्ञात आहे. आजीचे ज्ञान थट्टेचा विषय नाही. ते तपासून घ्यावयाचा विषय आहे.

गुळवेलीचेच पाहा. कानडीत हिला अमृतबळ्ळी म्हणतात. २०२० साली जो तो कुंपणावरून हिचे तुकडे तोडून काढा उकळू लागला. महिनोन्महिने रोज. त्याच वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतील डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रोगी आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती आणि यकृतास इजा झाली होती. पुढे देशातील तेरा रुग्णालयांनी मिळून असे ४३ रोगी नोंदवले. इजा अशी की शरीराचे राखणदार स्वतःच्याच यकृतावर उठावेत. वर आम्ही चेकाळलेल्या राखणीविषयी लिहिले ते येथे आठवावे. आयुष मंत्रालयाने ह्यावर हरकत घेतली की खरी गुळवेल सुरक्षित असून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल, जिच्या खोडावर गाठीगाठी असतात व कापल्यास दुधाळ रस येतो, ती लोकांनी वापरली असावी. वाद वैद्यांनी मिटवावा. आपल्यासारख्या सामान्यांना दोन्ही बाजूंकडून धडा एकच मिळतो: कुंपणावरची वेल ओळखल्याशिवाय तोडू नये, आणि महिनोन्महिने तर कधीच घेऊ नये. ज्यांना काविळीचा किंवा यकृताचा पूर्वीचा आजार आहे, थायरॉइड वा आमवात आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारल्याविना तिच्या वाटेस जाऊ नये. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांची साखर हिने आणखी खाली जाऊ शकते. आणि क्षयाची औषधे घेणाऱ्यांनी तर फारच जपावे, कारण त्या औषधांचाच यकृतावर भार असतो. त्यात अनोळखी काढ्याची भर पडली आणि कावीळ झाली, तर चांगले औषध थांबवण्याची पाळी येते.

हळदीची गोष्ट सौम्य आहे. सांगलीची बाजारपेठ जवळ, बेळगाव जिल्ह्यातही हळद पिकते, तेव्हा हळद आपल्या हाडीमाशी भिनलेली. तिच्यातील मुख्य द्रव्य आतड्यातून रक्तात फार थोडे शिरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिऱ्यातील द्रव्य बरोबर दिल्यास ते माणसांत वीसपट शिरते असे दिसले. मात्र तेथे दिलेली मात्रा शुद्ध द्रव्याची होती, दुधातील चिमूटभर हळदीची नव्हे. हळदीत ते द्रव्य शंभरांत दोन ते पाच भाग असते. रात्री हळद-दूध प्यावे, घसा शेकतो, झोप लागते, आणि दूध पोटात जाते हा मोठा फायदा. फक्त हळकुंडे विकत घेऊन गिरणीवरून दळून आणावी, कारण सुट्या पुडीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचा रंग घालण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूचा घात करते.

तुळस, गवती चहा, आले, ओवा ह्यांचा कढत काढा पडशात बरे वाटावे म्हणून घ्यावयास आमची काहीच हरकत नाही. ज्येष्ठमध रोज चघळू नये, रक्तदाब चढतो. आठवडी बाजारात सांधेदुखीवर किंवा दम्यावर 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत आराम पडतो, चेहरा भरतो, भूक लागते, आणि आतले राखणदार मात्र झोपी जातात. कोंडलेला क्षय सुटावयास तेवढे पुरते.

झोप, धूर आणि मिश्री

झोपेविषयी आपण फारसे बोलत नाही. अमेरिकेत १५३ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले. आधीचे चौदा दिवस प्रत्येकजण किती झोपतो ते टिपून ठेवले होते. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. रात्री बारापर्यंत फोन हातात धरणाऱ्या आपल्या तरुण संघाच्या सभासदांस हे अवश्य ऐकवावे. वडीलधाऱ्यांनाही.

चुलीच्या धुराने फुफ्फुसाचे कुंपण झिजते. सिलिंडर घरात आहे पण पाणी तापवावयास व भाकरीला चूलच, असे ज्या घरी आहे तेथे निदान चूल पडवीत न्यावी व लेकरू कडेवर घेऊन फुंकू नये. चालणे रोज अर्धा तास. शेतात राबणाऱ्यांना हे वेगळे सांगणे हास्यास्पद आहे, ते दुकानात व कचेरीत बसणाऱ्यांसाठी.

आणि मिश्री. पुरुषांच्या विडीवर आपण सभेत बोलतो, बायकांच्या मिश्रीवर बोलत नाही. तव्यावर भाजलेला तंबाखू दातांना लावला म्हणून तो दंतमंजन होत नाही. तोंडाचा कर्करोग त्याने होतो, आणि गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या मातेचे बाळ वजनाने कमी भरते. कमी वजनाचे बाळ म्हणजे जन्मतःच दुबळी राखण. निपाणी-चिक्कोडीकडे हा विषय काढताना शिक्षिकांनी रागावून बोलू नये. ज्या बाईचे सारे आयुष्य तंबाखूच्या धुळीत गेले तिला मिश्रीचे व्यसन वखारीनेच लावले आहे, आणि सकाळी मिश्री लावल्याने भूक मरते म्हणूनही कित्येकजणी ती लावतात. आधी तिच्या न्याहारीचे पाहावे.

वर्गात कसे घ्यावे

लहान मुलांच्या वर्गात हात धुण्याचा पाठ प्रत्यक्ष करावा. मोठ्या मुलांना आपापल्या घरातील लसीकरणाचे कार्ड शोधून आणावयास सांगावे. धाकट्या भावंडाचा एखादा डोस राहिला असेल तर तो कार्डावर दिसेल, आणि मुलानेच घरी आठवण केली तर आईबाप ती टाळत नाहीत. कुमारांच्या वर्गाने मराठी व कानडी दोन्ही नावे घालून परिसरातील दहा झाडांची वही करावी. तोडण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी. खानापूर-आंबोलीच्या रानातील नरक्याची झाडे औषधासाठी किती तोडली गेली हे ऐकून असणारे कोणी वडीलधारे गावात असतील तर त्यांना त्या दिवशी वर्गात बोलवावे.

महिला मंडळासाठी आमची सूचना थोडी वेगळी आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, ही लक्षणे असलेला मनुष्य आपल्या वस्तीत आहे का, ह्याची कुजबूज न करता चौकशी करावी, आणि त्याला थुंकी तपासणीस सरकारी दवाखान्यात घेऊन जावे. तपासणी व औषध फुकट आहे. आहारासाठी रोग्याच्या खात्यावर १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये ठरले आहेत. पुष्कळांचे खाते आधारशी जोडलेले नसते म्हणून ते पोहोचत नाहीत, तेव्हा कागद करून देणारा एक तरुण मंडळाने सोबत द्यावा. घरातील इतरांची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध द्यावे लागते, तेही विचारून घ्यावे.

ज्या घरात रोगी निघेल त्याचे नाव मंडळीत पुकारू नये, प्रार्थनेच्या यादीतही त्याच्या परवानगीशिवाय घालू नये. मुलीचे लग्न मोडेल ह्या भीतीने रोग लपवणारी कुटुंबे आपल्याला ठाऊक आहेत. सुगीच्या अर्पणात जमणारे धान्य बहुधा लिलावात काढतात. त्यातून दर महिन्याला घरातील माणशी पाच किलो तांदूळ वा जोंधळा आणि दीड किलो डाळ, सहा महिने, अशा एका तरी घरी गुपचूप पोहोचवता येईल का, हे पाळक व पंचांनी मिळून ठरवावे. पाच माणसांच्या घराला महिन्याचे पंचवीस किलो धान्य व साडेसात किलो डाळ लागेल. पोते नेऊन टाकणाऱ्याने त्या घरी एक वजनकाटाही न्यावा आणि घरातील सर्वांची, शेवटी जेवणाऱ्या बाईसकट, वजने वहीत लिहून आणावीत. दोन महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा जावे.